बिनधुराची शेगडी

कुवेतमध्ये मी शेगड्या विकतो असं गावी सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. बायकोनं मान डोलावली की त्याचा नाइलाज होतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्या भट्टीत शेगडी घेतो कोण?

घेतात. अहो, रांग लावून घेतात. जुलैत जिथे गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येतो, तिथेच जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की दातावर दात वाजतात. घरं सगळी उन्हाळ्याच्या धाकानं बांधलेली. फरशी संगमरवरी, छत उंच, भिंती जाड. हिवाळ्यात त्या दिवाणखान्यात बसायचं म्हणजे बर्फाच्या लादीवर मांडी घालायची. तिथल्या लोकांचा पूर्वापार उपाय म्हणजे दुव्वा. ही एक उघडी शेगडी. तिच्यात निखारे, निखाऱ्यांवर कॉफीची उंच चोचीची दल्ला आणि भोवती माणसं. पण तेलाचा पैसा आला, छताला सोनेरी वेलबुट्टी आली, आणि दुव्व्याच्या धुरानं ती वेलबुट्टी एका हिवाळ्यात तपकिरी व्हायला लागली. त्यातच ही मंडळी उन्हाळ्यात युरोपात जाऊ लागली. तिथे त्यांनी लोखंडी बंद शेगड्या पाहिल्या. काचेचं दार, आत नाचणारी ज्वाळा, डोक्यावरून छताबाहेर गेलेलं धुराडं, आणि खोलीत धुराचा मागमूस नाही. परत आल्यावर त्यांना तीच हवी.

माझ्या मालकानं ही हवा ओळखली आणि शेगड्यांचं दुकान काढलं. मी तेव्हा एसीचे पत्र्याचे डक्ट बसवणारा चिपळूणकडचा कारागीर होतो. जलीब नावाच्या कामगारवस्तीत आठ जणांच्या खोलीत राहत होतो. धुराडं म्हणजे काय, उभा डक्टच, म्हणून मला फिटर नेमलं. सहा महिन्यांत मालकाच्या लक्षात आलं की हा माणूस हातापेक्षा जिभेनं जास्त काम करतो. त्यानं मला टाय दिला आणि विक्रीवर बसवलं.

मग काय, रंगमंच मिळाला. नवीन शेगडी बसवली की मी घरातल्या सगळ्यांना गोळा करायचो. एकाच काडीत पेटवायचो. काडी विझली तर दुसरी पेटवत नाही, अशी आधी घोषणा. लाकडं बोटभर जाडीची, खणखणीत वाळलेली, मी स्वतः निवडून नेलेली. आग धरली की गच्चीवर जायचो, धुराड्याच्या तोंडावर हातभर उंच पांढरा रुमाल धरायचो, आणि पाच मिनिटांनी खाली येऊन तो फडकावायचो. पांढरा स्वच्छ. टाळ्या व्हायच्या, कॉफी यायची, सही व्हायची.

आता यातलं मर्म सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी महाबळेश्वरला बंगला बांधत असेल तर उपयोगी पडेल. शेगडी निवडताना गिऱ्हाईक पाहतं तिचा आकार, आणि तिथेच फसतं. छोट्या खोलीत मोठी शेगडी घेतली की घामाघूम व्हायला होतं, मग माणूस हवेची झडप आवळतो. हवा कोंडली की आग गुदमरते, आणि गुदमरलेली आग धूर ओकते. लहान शेगडी मोकळ्या हवेवर रसरशीत जळते, तिचा धूर तिच्या पोटातच जळून जातो. एका व्यापाऱ्यानं माझं न ऐकता दुकानातली सर्वांत मोठी शेगडी घेतली. पंधरा दिवसांनी गेलो तर शेगडी धडधडतेय, शेजारी एसी गुरगुरतोय, आणि व्यापारी दोहोंच्या मधे समाधानानं बसलेला. त्याला हवामान नको होतं, मान हवा होता. तो त्याला मिळाला.

दुसरी गोष्ट जळणाची. लाकडाला हवा वरून लागते आणि राखेची गादी मानवते. कोळशाला हवा खालून लागते, म्हणून जाळी हवी. दोन्ही जाळायचं तर दोन्हींची सोय असलेली शेगडी घ्यावी, थोडी महाग पडते.

आणि तिसरी गोष्ट खोलीतल्या हवेची. जेवढी हवा धुराड्यातून वर जाते, तेवढी बाहेरून आत यायला पाहिजे. तिच्यासाठी भिंतीला एक वीतभर भोक ठेवायचं, त्याला बाहेरून जाळी. हे भोक दिसायला कुरूप असतं, त्याला टाळ्या पडत नाहीत. मी लिहितोय तो प्रसंग या भोकाचा आहे.

सालमियाच्या शेजारच्या वस्तीत जासिम नावाचे एक गृहस्थ राहत. मंत्रालयात मोठे अधिकारी, बोलायला मृदू, आईवेडे. शेगडी आईच्या खोलीसाठी हवी होती. आईला तिथे सगळे उम्म जासिम म्हणत, म्हणजे जासिमची आई. मी घरात गेल्यावर यम्मा म्हणायचो, आपण आई म्हणतो तसं. सत्तरीच्या पुढची, हातापायांना मेंदी, डोळे बारीक पण कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय तेही टिपणारे. तिला दमा होता, म्हणून धूर नको. पण कॉफी कोळशावरचीच हवी. मी दोन्ही जळणांची, खोलीला बेताची अशी शेगडी दिली. खोलीत एक बुलबुल पिंजऱ्यात होता. मी काडी ओढली आणि तो गायला लागला. एवढा चांगला साथीदार मला जन्मात मिळाला नव्हता.

फक्त भोकाशी जासिम थबकले. भिंतीला नवीन कागद लावलेला होता, त्यात ही वीतभर जखम. त्यांनी विचारलं, हे लागतंच का? त्यांच्या बगलेत दुसऱ्या दुकानाचा कॅटलॉग होता. तो मला दिसला. धोका सांगितला तर माणूस शेगडीच घ्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव. मी हसलो. अगदी मनमोकळा हसलो. म्हणालो, ‘शेगडीची चैन आहे हो ती. गुबार आला तर झाका खुशाल.’

गुबार म्हणजे धुळीचं वादळ. तिथल्या गृहिणी दोन गोष्टींना भितात, एक सासू आणि दुसरा गुबार. हवामान फिरलं की खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लागते, दाराखाली ओले टॉवेल जातात. अशा घराला मी सांगून आलो होतो की भोक झाका.

आणखी एक काम मी टाळलं होतं. शेगडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असायचं, की बसवून झाल्यावर सगळी दारं-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा पूर्ण जोरात लावा, आणि पेटत्या शेगडीशेजारी तासभर बसून पाहा. पंखा घरातली हवा ओढतो. घर बंद असेल आणि हवा यायला वाट नसेल, तर ती धुराड्यातूनच उलटी खाली येते. ही परीक्षा मी कधीच घेत नसे. तासभर बंद खोलीत बसायचं, प्रेक्षक नाहीत, काही घडत नाही. कुणाला हौस आहे?

दहा-बारा दिवस गेले. शुक्रवार, सुटीचा दिवस. सकाळपासून आभाळ मातकट, वारा थंड आणि धुळीनं भरलेला. माझी बायको वसुधा सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आलेली, दुपारी उठून आम्ही उशिरा जेवायला बसलो होतो. ती रात्रीच्या गमती सांगत होती. काल संध्याकाळी म्हणे एक म्हातारी आली, डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत. घरात सुनेचंही डोकं दुखतंय. दवाखान्यात चार तास पडली आणि आपोआप बरी झाली. डॉक्टर म्हणाले थंडीचा ताप, सकाळी घरी पाठवली.

‘आणि ऐक,’ वसुधा म्हणाली, ‘घरातला पक्षीसुद्धा सर्दीनं गेला म्हणे.’

मी हातातला घास ताटात ठेवला. मी विचारलं, कुठला पक्षी?

‘बुलबुल. मुलगा सांगत होता. डॉक्टरांनी त्याला विचारलंसुद्धा, बंद खोलीत कोळसा जाळता का म्हणून. तर तो म्हणाला, छे, आमच्याकडे परदेशी बिनधुराची शेगडी आहे.’

वसुधानं माझ्याकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारलं.

कोळशाच्या निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. धूर बिचारा प्रामाणिक, खोकला काढून माणसाला बाहेर पळवतो. हा वायू माणसाला झोपवतो. बाहेर आणलं की बरं वाटतं, परत आत नेलं की पुन्हा चढतो. ती म्हातारी सकाळी परत त्याच खोलीत गेली होती. आज गुबार होता, म्हणजे घर बंद. आज शुक्रवार, म्हणजे सगळं कुटुंब जेवायला, मासे तळलेले, पंखा जोरात. आणि जेवणानंतर सगळं घर झोपणार.

मी फोन फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, एंगेज. दुपारच्या झोपेत कुणी उठवू नये म्हणून तिथे रिसीव्हर काढून ठेवतात. वसुधानं तोवर पायात चपला घातल्या होत्या आणि माझ्या हातात गाडीची किल्ली दिली होती.

एरवी दहा मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी दिवे लावूनही पुढची गाडी दिसत नव्हती. वसुधानं विचारलं, ते जेवतात किती वाजता? मी म्हटलं, एक-दीडला. घड्याळात पावणेतीन झाले होते. मला माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदा जड लागत होती. मनात हिशेब चालला होता की हवेची झडप म्हातारीनं किती आवळली असेल, कोळसा किती घातला असेल. आणि मधेच माझंच हसणं ऐकू येत होतं.

पुढचं दार बंद. घंटी वाजवली, कुणी येईना. मागच्या बाजूला अंगणात आचाऱ्याची वेगळी खोली होती. आचारी हमीद, आपल्या दापोलीचा. दार ठोठावल्यावर डोळे चोळत बाहेर आला. मी म्हटलं, हमीदभाई, घर उघड. यम्मा आत आहे का?

‘झोपलीत सगळी,’ हमीद म्हणाला. ‘आता उठवलं तर जासिमबाबा मला कच्चा खाईल. चारला ये ना भाऊ.’

वसुधा म्हणाली, ‘चारला ती उठणार नाही, हमीदभाई. किल्ली काढा.’

तिचा आवाज नर्सचा होता. हमीदनं किल्ली काढली.

स्वयंपाकघरात शिरलो तर पंखा घोंघावत होता. मी तो बंद केला, मागचं दार उघडं टाकलं. आतल्या दालनापाशी मात्र पाय अडले. पुढे बायकांचा भाग. परक्या पुरुषानं तिथे पाऊल टाकायचं नसतं, आणि दुपारच्या वेळी तर नाहीच. शेगडी बसवली तेव्हासुद्धा यम्मा सोडून बाकीच्या बायकांना वर पाठवून मग मला आत नेलं होतं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. वसुधा आत गेली. तिची हाक ऐकू आली, यम्मा, यम्मा. मग गालावर चापट्या मारल्याचा आवाज.

‘आत या,’ ती ओरडली. ‘लाजबीज नंतर. मला एकटीला उचलत नाही.’

मी आत गेलो. आधी डोळे गेले ते शेगडीकडेच. धंद्याची खोड. काच लख्ख होती. आत निखारे डाळिंबाच्या दाण्यांसारखे. खोलीत धुराची रेघ नाही, वास नाही. जाहिरातीत छापावं असं चित्र, आणि त्या चित्रासमोर उम्म जासिम गालिच्यावर कुशीवर पडलेली, ओठ उघडे, गाल गुलाबी. गाल गुलाबी दिसतात, ती तब्येत नसते, असं वसुधानं मला नंतर सांगितलं. भोक होतं तिथे स्पंजचा तुकडा, चारी बाजूंनी नीट कापून बसवलेला, वर तपकिरी चिकटपट्टी. माझ्या सांगण्याप्रमाणे, खुशाल.

आम्ही गालिच्यासकट तिला ओढली. वसुधा डोक्याकडे, मी पायांकडे, हमीद मधे. दालनातून, स्वयंपाकघरातून, अंगणात. बाहेर धूळ इतकी की तोंडात रेती कचकचत होती, पण ती हवा होती. एवढ्यात जिन्यावरून जासिम आले. झोपेतून उठलेले, डोक्याला रुमाल नाही, आणि समोर काय, तर शेगडीवाला हिंदी माणूस त्यांच्या आईचे पाय धरून तिला अंगणातून ओढतोय. त्यांनी माझी गचांडी धरली. मूठ वर गेली होती, मी ती पाहत होतो. मारली असती तर मी हात वर केला नसता, हे मात्र खरं.

वसुधानं त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. म्हातारीची हनुवटी वर धरून ती इंग्रजीत म्हणाली, शेगडीचा वायू आहे, बायकामुलांना वरून खाली आणा, ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि माझ्या नवऱ्याला नंतर मारा. जासिमनी मूठ सोडली आणि ते जिन्याकडे धावले.

सून आणि मुलं आपल्या पायांनी खाली आली, डोकी धरून. ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. वसुधा सारखी तिची नाडी पाहत होती आणि मी वसुधाचं तोंड. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी उम्म जासिमनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, की माझ्या गालिच्याला अंगणातली माती कुणी लावली.

पाच दिवसांनी ती घरी आली आणि मला बोलावणं आलं. निघताना मालकानं बजावलं, स्पंज त्यांनी घातला, आपण नाही, तू तोंड उघडू नकोस. मी गेलो तेव्हा खोलीत उम्म जासिम गादीवर बसली होती, जासिम उभे होते, आणि हमीद दाराशी खाली मान घालून. स्पंज हमीदनं कापला होता. जासिम म्हणाले, याचं तिकीट काढलंय, परवा जातोय. एवढी साधी अक्कल नाही याला.

हमीद तरी काय सांगणार, त्याच्याच हातानं कापलेला तुकडा टेबलावर ठेवला होता.

मी तोंड उघडलं. म्हटलं, ‘साहेब, झाकलं तरी चालेल असं मी सांगितलं होतं. तुमच्या बगलेत दुसरा कॅटलॉग होता.’

जासिमना ते आठवत होतं की नाही कोण जाणे. म्हातारी म्हणाली, ‘मला आठवतं. मी पडद्यामागे होते. तू म्हणालास आणि हसलास.’

मग तिनं हुकूम सोडला. भोकाभोवती उरलेली चिकटपट्टी पूर्ण काढायची. शेगडी पेटवायची. सगळी दारं-खिडक्या बंद, आणि हमीदनं जाऊन पंखा पूर्ण जोरात लावायचा. आणि म्हणाली, मी इथे बसणार, आणि हा हिंदी माझ्यासमोर बसणार. जासिमनी विरोध केला तर म्हणाली, हा माझ्या मुलाच्या वयाचा आहे. तू बाहेर थांब, आम्हाला ओढायला कुणीतरी लागेल.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तिला पंख्याचं आणि धुराड्याचं सगळं समजावलेलं दिसत होतं. किंवा वसुधानं. मी विचारलं नाही.

पुस्तकातली परीक्षा मी अशी पहिल्यांदा घेतली. काडी पहिल्या वेळी विझली, दुसरी लावली. लाकडानं पेट घेतला, मग तिनं स्वतःच्या हातानं कोळसा घातला आणि वर कॉफीची दल्ला ठेवली. खोलीचं दार लागलं. भिंतीपलीकडे पंखा घोंघावायला लागला. मी खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि शेगडीच्या दाराच्या फटीशी धरली. धूर खोलीकडे वळला तर उठायचं आणि तिला उचलून पळायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. धुराची रेघ थरथरली. इकडे झुकली, तिकडे झुकली. मग सरळ फटीतून आत ओढली गेली. भोकातून थंड हवा येत होती, तिच्याबरोबर बारीक धूळ येत होती, आणि ती म्हातारीच्या जपमाळेवर बसत होती. ती फुंकर मारून उडवायची, पुन्हा बसायची.

तासभर ती माळ ओढत होती आणि मी दर पाच मिनिटांनी उदबत्ती धरत होतो. कपाळाला घाम होता. डोकं जरा जड वाटलं की जीव घाबरा व्हायचा, की हे तेच का. बाहेर जासिमच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

शेवटी तिनं माळ खाली ठेवली आणि विचारलं, ‘डोकं दुखतंय?’

‘नाही, यम्मा.’

‘माझंही नाही.’ तिनं दार उघडायला लावलं आणि जासिम, सून, हमीद, सगळ्यांना आत बोलावून समोर बसवलं. निखाऱ्यावरची दल्ला उचलून पहिला पेला माझ्या हातात दिला. ‘आता बोल,’ ती म्हणाली. ‘विकताना तू फार छान बोलतोस. हे भोक कशासाठी असतं ते यांना सांग. पहिल्यापासून सांग.’

मी पेला खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. हमीद पुढच्या शुक्रवारीही त्याच घरात मासे तळत होता.